आरशावरची पाच बोटं

२४ सप्टेंबर, बुधवार

पाऊस थांबायचं नाव नाही. हर्सूलचा तलाव भरला म्हणून लोक गाड्या काढून बघायला चाललेत. आमच्याकडं कुणी खिडकीपर्यंतसुद्धा जात नाही. हे भिंतीकडं तोंड करून पडलेले. दुपारी भात, मुगाचं वरण, चार घास. "अजून वाढू?" "नको." दिवसभराचं बोलणं एवढंच.

मे महिन्यात निवृत्त झाले तेव्हा वाळूजच्या कारखान्यात टूलरूमच्या पोरांनी खांद्यावर उचलून घेतलं होतं. जूनपासून हे असं. लोक विचारतात, कशामुळं झालं? कशामुळंच नाही, हे कुणाला पटत नाही. मलाही पटत नाही, पण मी रोज बघते.

संध्याकाळी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, अहो, दुर्बीण कधी उघडायची यंदा?  मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "दसऱ्याला उघडू."

उघडू म्हणाले! मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडून घेतलं.

२६ सप्टेंबर

काल शाळेत दिवसभर दसरा, दसरा. नववी ब ला संधी शिकवताना फळ्यावर 'दसरा' लिहिलं आणि खोडलं. पोरी हसल्या.

मी त्या दुर्बिणीला पंधरा वर्षं सवत म्हणत आले. चौदा इंची आरसा. मागच्या खोलीत ह्यांनी आणि ह्यांचे मित्र साळवे भाऊजी यांनी काचेवर काच घासून केलेला. दोन पावसाळे तो खरखर आवाज घरात होता. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा म्हणायच्या, जात्यावर दळण तरी निघतं. प्लायवूडची नळी माझ्याहून उंच, गच्चीवरच्या खोलीत चाकांवर उभी. पावसाळाभर बंद, दसऱ्याला बाहेर. मग उन्हाळा येईपर्यंत नवरा तिचा. आता त्याच सवतीच्या पाया पडायची वेळ आली आहे, आणि मी पडेन.

पण गच्ची. गच्चीचं काय करायचं?

ऑगस्टमधल्या त्या संध्याकाळनंतर दाराला कुलूप आहे. भर पावसात कठड्याशी उभे होते. नुसते उभे. मी हात धरून खाली आणलं तर म्हणाले, "काही नाही गं, ढग बघत होतो." डॉ. म्हणाले, "गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा, एकटं सोडू नका." तेव्हापासून गोळ्या आणि गच्चीची किल्ली दोन्ही तुरीच्या डाळीच्या डब्यात, तळाशी. त्या डब्याला घरात माझ्याशिवाय कुणाचा हात लागत नाही. मी शाळेत असले की आई ह्यांच्यापाशी बसतात.

आई आज म्हणाल्या, "रोज मुगाचं वरण कामून करू लागलीस? आजाऱ्याचं घर करून टाकलंस पार." आजाऱ्याचंच घर आहे, म्हटलं नाही.

१ ऑक्टोबर. खंडेनवमी

हत्यारांची पूजा. दरवर्षी हे स्वतः करतात. पाने, पकडी, मायक्रोमीटर पाटावर मांडायचे, आणि गच्चीवर जाऊन दुर्बिणीच्या नळीला बाहेरून हळदकुंकवाचं एक बोट. यंदा उठले नाहीत. मी दोनदा हाक मारली.

आई म्हणाल्या, "मी करते. किल्ली दे." गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत, पण ऐकतील तर आई कसल्या. किल्ली दिली. ताटात तेलाची वाटी दिसली. नवमीला तेल कशाला, हे विचारायला हवं होतं. कढईत पुऱ्या होत्या.

आई खाली आल्या त्या घामाघूम. ह्यांच्या उशाशी बसून अंगारा लावला, कानाशी काहीतरी पुटपुटल्या. हे डोळे मिटून.

२ ऑक्टोबर. दसरा

ढग. चारला भुरभुर. साडेपाचला पुन्हा भुरभुर.

ह्यांच्या हातात आपट्याची पानं ठेवली. धरून राहिले. म्हटलं, "आज ढग आहेत हो."

"बरं."

साळवे भाऊजींचा नागपूरहून फोन. दरवर्षी दीक्षाभूमीला जातात, आणि दरवर्षी तिथून ह्यांना फोन करतात. मागं इतका गलका की ओरडून बोलत होते. "सुधीर बोलतो का, वहिनी?" फोन ह्यांच्या कानाला लावला. ऐकून घेतलं. बोलले नाहीत. भाऊजी आपले एकटेच बोलत राहिले, आकाश स्वच्छ होणार, म्हैसमाळला जाऊ, असं काहीबाही. मग त्यांचाही आवाज संपला.

५ ऑक्टोबर, रविवार

आज आकाश निळं. धुतल्यासारखं. सकाळी केर काढायला वर गेले. संध्याकाळी आणायचंच ह्यांना, मी कठड्याच्या बाजूला बसेन, आई जिन्याच्या दाराशी, असं सगळं ठरवलं होतं.

नळीच्या बुडाशी एक झाकण आहे, हात जाईल एवढं. आतल्या आरशावरचं फडकं नीट आहे ना बघावं म्हणून उघडलं.

फडकं बाजूला. आरशावर पाच बोटं कुंकू. ओलं करून ओढलेलं, वरून खाली, पाची बोटं. भोवती तेल. तेलात काळे उडीद.

झाकण परत लावलं.

खाली येऊन आईंना देवघराशी गाठलं. आवाज दाबून बोलत होते. आई शांतपणे म्हणाल्या, "अगं, साडेसाती लागलीय त्याला. शनी त्यातच येऊन बसतो ना? लोकांना बोलवून दाखवतो की तो, या, शनी बघा म्हणून. देवळातला तर दगडाचा हाय. हा खरा. मग तेल कुठं घालू?"

देवघरातली तेलाची वाटी उचलून मी ओट्यावर नेऊन ठेवली. 

ह्या आरशाला हे बोट लावू देत नाहीत. श्वाससुद्धा लांबून. एकदा मनू (लेक, आता पुण्याला नोकरीला) लहानपणी आत डोकावून शिंकली तर दोन दिवस घुम्यासारखे होते. आईंना म्हटलं, ह्यांना एका शब्दानं सांगायचं नाही. आईंनी तोंड उघडलं, परत मिटलं. "बरं बाई."

दुपारी हे झोपल्यावर नळी आडवी करून कापसानं, उकळून गार केलेल्या पाण्यानं पुसलं. तेल निघालं. कुंकू निघालं. कुंकवाबरोबर चकाकीही निघाली. पाच बोटांएवढी नुसती काच राहिली, खालची लाकडी फळी दिसते तिच्यातून.

संध्याकाळी ह्यांना म्हटलं, वर फार डास झालेत.

"बरं."

६ ऑक्टोबर. कोजागरी

दूध आटवलं. आईंनी वाटी नेऊन दिली, प्यायले. म्हटलं, आज चंद्र एवढा मोठा, तुम्हीच म्हणता ना, चांदण्यात काही दिसत नाही म्हणून? मान हलवली. स्वतःचीच वाक्यं त्यांना परत विकतेय मी.

९ ऑक्टोबर

स्टाफरूममधून साळवे भाऊजींना फोन. सहज विचारल्यासारखं: आरशाची चकाकी गेली तर परत करून मिळते का हो?

"मिळते की. काढून पाठवावा लागतो. सुधीरला विचारा, त्याला सगळं ठाऊक. का, काय झालं?"

"काही नाही. शाळेत मुलं विचारत होती."

"वहिनी, मी येऊन जाऊ का?"

नको म्हटलं. हे कुणी आलं की पांघरूण डोक्यावरून घेतात, भाऊजींना ते बघवणार नाही. आणि आले तर भाऊजी आधी गच्चीवर जातील. आरसा काढायचा म्हणजे नळी उघडायची, चार माणसांचं काम. ह्यांच्या नकळत? ह्या घरात फोडणीसुद्धा नकळत होत नाही.

१४ ऑक्टोबर

डॉ.कडे. नंबर यायला दीड तास. खुर्चीत मान खाली घालून बसलेले हे आणि समोर भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं पोस्टर. फाडावंसं वाटलं.

डॉ.नी विचारलं, "आवड कशाची आहे तुम्हाला?" ह्यांनी माझ्याकडं बघितलं, शाळेत उत्तर न आलेलं पोर बघतं तसं. मीच म्हणाले, दुर्बीण. आकाश बघतात. डॉ. खूश. "अरे वा! मग सुरू करा की, वाट कसली बघताय?"

रिक्षात बसल्यावर मी बाहेर बघत होते आणि हे त्यांच्या बाजूनं बाहेर. मला बोंब ठोकून सांगावंसं वाटत होतं की एकच गोष्ट होती हो, एकच, आणि ती तुमच्या आईनं कुंकू लावून संपवली.

२३ ऑक्टोबर. भाऊबीज

मनू तीन दिवस येऊन गेली. बाबांच्या पायाशी बसून मोबाईलवर जुने फोटो दाखवत होती. एका फोटोत हे दुर्बिणीपाशी शिडीवर, खाली गल्लीतल्या बायकांची रांग. मनू म्हणाली, "बाबा, मला शनी दाखवा ना." मी पटकन म्हटलं, फटाक्यांचा धूर किती झालाय बघ. मनूनं माझ्याकडं विचित्र बघितलं.

हे म्हणाले, "धूर आहे खरा."

जाताना जिन्यात तिनं विचारलं, आई, तू त्यांना वर का जाऊ देत नाहीस? मी कुलपाचं सांगितलं, ऑगस्टचं सांगितलं. आरशाचं नाही. तिला आजी आवडते.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज एक केलं. दिवे लागायच्या सुमारास आईंना ह्यांच्याजवळ बसवून मी एकटी वर गेले. म्हटलं, बघू तर खरं, कितपत बिघडलंय. थोडं बिघडलं असेल तर ह्यांना कळणारही नाही कदाचित.

चाकांवरून ढकलत बाहेर काढली. सवत जड आहे. शनी कुठला ते मला ठाऊक आहे, इतकी वर्षं पाहुण्यांना चहा घेऊन वर जाते ते उगीच नाही. आग्नेयेला वर, पिवळट, न लुकलुकणारा. बारक्या नळकांड्यातून नेम धरायचा. मान मोडली, गुडघा खरचटला, पण सापडला.

आणि कडी नाहीत.

गोळा आहे. पिवळा, छोटा. त्याच्या आरपार एक बारीक रेघ, लिंबाला सुई टोचावी तशी. बास. ज्या कड्यांसाठी गल्ली रांग लावते, ज्यासाठी बायका "अय्या" म्हणून तोंडावर हात ठेवतात, ती नाहीत. डोळा पुसला. भिंग पुसलं. पुन्हा बघितलं. रेघ.

कुंकवानं कडी खाल्ली.

दुर्बीण आत ढकलली, कुलूप लावलं, जिन्यात अंधारात बसले. खालून आईंचा आवाज येत होता, स्तोत्र म्हणत होत्या ह्यांच्यासाठी.

२७ ऑक्टोबर

सुट्टी संपली. शाळा. पाठ घेतला, काय शिकवलं आठवत नाही.

म्हणजे आता ह्यांना वर नेणंच नाही. सगळ्या जगात एक चीज ह्यांच्या हातची, ती डोळा लावून बघतील आणि रेघ दिसेल. मग? मग पुढचं मला लिहवत नाही.

२ नोव्हेंबर

चार दिवस अंघोळ नाही. मी गरम पाणी काढलं, टॉवेल ठेवला, पाणी गार झालं. मी चिडले. ओरडलेच. बाथरूमच्या दाराशी उभं राहून इतकी ओरडले की शेजारच्यांचा टीव्ही बंद झाला.

हे उठून बसले. म्हणाले, "नंदा, तुला फार त्रास देतोय मी." शांतपणे, हिशेब लागल्यासारखं.

ते ओरडले असते त्यापेक्षा मला ह्या वाक्याची भीती वाटली. डब्यातल्या गोळ्या काढून बघितल्या. आहेत तशा आहेत. परत तळाशी.

८ नोव्हेंबर, शनिवार

आई तेलाची बाटली घेऊन शनिमंदिराला निघाल्या आणि माझा तोल गेला. म्हटलं, अजून किती तेल घालणार? आरसा संपवला, आता काय राहिलंय? शनीची कडी गेली आई तुमच्या कुंकवानं, मी स्वतः बघितलं. एक आशा होती मला ती—

आई पायरीवरच बसल्या. बाटली कलंडली, तेल पायरीभर झालं. म्हणाल्या, "मी मारलं का गं माझ्या लेकराला?"

मला लगेच "नाही" म्हणता आलं नाही. म्हटलं, पण उशिरा. त्या उशिराचं मला माफ करता येणार नाही. त्यांच्या गुडघ्यांना धरून उठवलं, पायरी पुसली, पिठानं तेल टिपून घेतलं. आज दोघी एका ताटात जेवलो. कधीच जेवत नाही.

१२ नोव्हेंबर

आज आकाशात एक ढग नाही, चंद्र नाही, धूर नाही, डास नाहीत. काय सांगू? म्हटलं, दुर्बिणीचं एक चाक निखळलंय.

आयुष्यभर लोखंड वाकवलेला माणूस. एका चाकासाठी पूर्वी ताटावरून उठला असता. माझ्याकडं बघितलं, नीट, बऱ्याच दिवसांनी. म्हणाले, "बरं."

१६ नोव्हेंबर, रविवार

कालचं लिहायचंय. काल हात चालत नव्हता.

शनिवार म्हणून शाळा अर्धी, पण पालकसभा लांबली. निघायला पाच वाजले. औरंगपुऱ्यात गर्दी, स्कूटर इंच इंच. आईंना फोन लावला. त्या देवळात! शेजारच्या वैशालीबरोबर गेलेल्या, "तू दोनला येतेस म्हणून निघाले, सुधीर झोपला होता." म्हणजे हे एकटे. तीन तास.

कशी आले माहीत नाही. दार नुसतं लोटलेलं. पलंग रिकामा. पांघरुणाची घडी घातलेली. ती घडी बघून आत धावले. स्वयंपाकघरात ओट्यावर तुरीचा डबा, झाकण उघडं.

जिना. गच्चीचं दार उघडं, कुलूप कडीला लटकलेलं. आधी कठड्याकडं बघितलं. कठड्याशी कुणी नव्हतं. खाली बघायची हिंमत होईना. तेवढ्यात खोलीतून खोकल्याचा आवाज.

हे रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसलेले, दुर्बिणीशेजारी. बुडाचं झाकण उघडं आणि हात आत कोपरापर्यंत. मी जाऊन शर्टच धरला पाठीमागून, दोन्ही मुठींनी. सोडेना.

"किल्ली कुठं मिळाली?"

"तुरीच्या डब्यात."

"कधीपासून माहीत आहे?"

"ऑगस्टपासून. मुगाचंच वरण करायला लागलीस तू."

 मग तेच म्हणाले, "गोळ्याही तिथंच असतात."

"हो."

"माहीत होतं मला."

शर्ट तसाच धरून मी खाली बसले, त्यांच्या पाठीला डोकं टेकून. इतके दिवस मी डब्याच्या झाकणावर भरवसा ठेवला होता. माझ्या कुलपानं काही अडलेलं नव्हतं. ते स्वतःच थांबलेले होते, रोज, माझ्या नकळत. मला वाईट वाटावं की बरं, कळेना. दोन्ही वाटलं.

मग आरशाचं सांगून टाकलं. कुंकू, उडीद, कापूस, सगळं. म्हणाले, "आईनं त्याच दिवशी सांगितलं. कानात. शनीला सांगितलंय म्हणाली, सोड म्हणून."

"मग तुम्ही..."

"पाच बोटं गेली. बाकीचा आहे की. चित्र अख्खंच येतं. किंचित मंद, एवढंच."

"नाही येत! मी बघितलंय. कडी नाहीत. नुसती रेघ आहे. कुंकवानं—"

नाकातून आवाज आला त्यांच्या. ओळखायला वेळ लागला. हसले होते.

"अगं, यंदा कडी आडवी आलीत. ताट डोळ्यासमोर आडवं धर, काय दिसेल? काठ. पंधराएक वर्षांनी एकदा येतं असं. आरशाचा काय दोष?"

मी जिन्यात बसून रडले ते, आईंना पायरीवर रडवलं ते, सगळं ताटाच्या काठासाठी. मला ह्यांचा राग आला, खरंच आला. म्हटलं, सगळं माहीत होतं तर बोलला का नाहीत? दुर्बीण चालू आहे म्हणून सांगायचं होतं. मी रोज मरत होते इथं.

ह्यांनी बुडाचं झाकण लावलं. मग म्हणाले, "तू रोज एक कारण आणायचीस. ढग, चंद्र, डास. मला सोपं पडायचं. नको म्हणावं लागत नव्हतं."

"दसऱ्याला उघडू म्हणाला होतात."

"तू विचारलंस म्हणून."

म्हणजे ती आशासुद्धा त्यांनी मलाच दिली होती. त्यांच्याकडं नव्हतीच.

बाहेर दिवे लागत होते. मी उठले, डोळे पदराला पुसले आणि दुर्बीण बाहेर ढकलली. का, ते सांगता येणार नाही. खाली जाऊन पुन्हा पलंग आणि भिंत, ते आत्ता नको होतं. म्हटलं, चला, दाखवा. म्हणाले, "तू बघ." डब्यावरूनच सांगत राहिले. अजून वर. थोडं डावीकडं. बारक्या नळीत आला? आता मोठ्यात बघ.

आला. पिवळा गोळा, सुईसारखी रेघ. ह्या वेळी मला ती रेघ बिघडलेली वाटली नाही.

पण तो थांबत नाही. पृथ्वी फिरते, तो सरकत सरकत कडेला जातो आणि निघून जातो. दर वेळी नळी इवलीशी ढकलावी लागते. "गेला," म्हटलं.

"ढकल. हळू."

मी ढकलली तर भलतीकडं. काळोख. "गेला हो. सापडत नाही."

"उजवीकडं."

"नाही सापडत मला."

मुद्दाम नाही केलं. खरंच सापडत नव्हता. मागं रंगाचा डबा फरशीवर घासला. हे उठले. येऊन नळीला दोन बोटं लावली, आईच्या कुंकवासारखीच हलकी, आणि एक डोळा लावला. मी त्यांच्या आणि कठड्याच्या मध्ये उभी.

बघत राहिले. किती ते मोजलं नाही. मग डोळा न काढता म्हणाले, "पुढच्या वर्षी थोडी उघडतील."

पुढच्या वर्षी. जूनपासून ह्या घरात उद्याचं कुणी बोललं नव्हतं.  त्या पुढच्या वर्षात ह्यांनी स्वतःला धरलंय की नुसतं शनीचं सांगितलं, विचारायचं धाडस झालं नाही.

खालून आई हाका मारत होत्या, उघडं दार बघून घाबरून. मी वरून ओरडले, आहोत, दोघंही आहोत.

आणि आज सकाळपासून परत भिंतीकडं तोंड. चहा अर्धा. "दुर्बीण?" "नको आज." मला वाटलं होतं, काल काहीतरी फिरलं. फिरलं असेल, नसेलही. आईंना मात्र कड्यांचं समजावून सांगितलं, ताट आडवं धरून. दोनदा विचारलं, "मग माझ्या कुंकवानं नाय?" नाही आई, लगेच म्हटलं. त्यांनी ते ताट पदरानं पुसून मांडणीत ठेवलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी तुरीचा डबा रिकामा केला. डाळ धुऊन कुकरला लावली. गोळ्या पर्समध्ये घेतल्या. त्या घरी ठेवून जाण्याएवढी शूर मी नाही, डॉ.ही नको म्हणतील.

किल्ली जिन्याजवळच्या खिळ्याला अडकवली. काढली. भाजी चिरून झाल्यावर परत अडकवली. आई बघत होत्या. म्हणाल्या, "मी हाय दिवसभर. हलत नाय." साळवे भाऊजींना सगळं फोनवर सांगितलं, लपवालपवी संपली. जेवणानंतर येतो म्हणाले, पांघरूण डोक्यावरून घेतलं तर शेजारी बसून राहीन.

निघताना ताट वाढून ह्यांच्यापुढं ठेवलं. घास तोंडाशी नेऊन थांबले.

"तुरीचं?"

"हो. आणि किल्ली खिळ्यावर आहे."

मान वर केली नाही. पण वरणात दुसरा घास कालवला, तेवढा बघून मी निघाले. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर थांबवून मागं वळून बघितलं. गच्चीवर कुणी नव्हतं. सगळ्या गल्लीत आमचीच गच्ची रिकामी वाटली.

आता दुसरा तास मोकळा आहे, स्टाफरूममध्ये बसून लिहितेय. मधल्या सुट्टीला घरी फोन लावणार आहे. आत्ता लावू शकते, लावत नाहीये. फोन समोर टेबलावर उताणा ठेवलाय. वाजलेला नाही.